‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’ असं विचारण्याआधी

गेल्या पावसाळ्यात कळव्याहून एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्या दुकानात आली. नौपाड्यात माझं कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. ती एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करत होती. हवं असलेलं जाडजूड संदर्भपुस्तक तिला एका टेलिग्राम चॅनेलवर फुकट दिसलं, पण ते उघडायला ‘आमचं रीडर अ‍ॅप’ टाका, असं खाली लिहिलेलं होतं. तिनं ते वडिलांच्या फोनवर टाकलं. अ‍ॅपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तिनं दिली. मग नोंदणीचा एक रुपया भरायला डेबिट कार्डाचा नंबर मागितला, तोही दिला. पुस्तक काही उघडलं नाही. त्या रात्रीपासून दोन दिवसांत, तीन हप्त्यांत, खात्यातून अडतीस हजार रुपये गेले.

कार्डाचा नंबर त्यांच्याकडे होता आणि बँकेचा ओटीपी आला की अ‍ॅप तो थेट वाचत होतं. पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. पैसे गेल्याचा पहिला मेसेज त्या मुलीनं पहिल्याच रात्री पाहिला होता. ‘फुकटचं पुस्तक उतरवायला गेले’ हे घरी सांगायची तिला भीती वाटली आणि त्या भीतीपायी उरलेले दोन हप्तेही गेले.

म्हणून हा लेख लिहितोय. दुकानात येणारे बिघडलेले लॅपटॉप मी बरीच वर्षं पाहतोय. फुकट पुस्तक शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती लागलेली फाइल कित्येकदा खरोखरच साधं पुस्तक असते. घात होतो तो त्या फाइलीपर्यंत नेणाऱ्या वाटेवर. शिवाय वाचक माणूस त्या वाटेवर सावध नसतो, कारण आपण काही वावगं करतोय असं त्याच्या मनातच नसतं. ती वाट एकेक पाऊल करून पाहू.

पहिली पायरी: बटणांचं पान

पुस्तकाचं नाव आणि पुढे ‘मोफत पीडीएफ’ असं टाइप केलं की जी पानं येतात, त्यातल्या बऱ्याच पानांवर ते पुस्तक नसतंच. लोक शोधतात ती नावं गोळा करून अशी पानं यंत्राने बनवलेली असतात. पुस्तक कोणतंही शोधा, पान तेच, फक्त वरचं नाव बदलतं. खात्री करायची असेल तर त्याच साइटवर एखादं मनानं रचलेलं, अस्तित्वात नसलेलं नाव शोधा. तेही ‘उपलब्ध’ दिसलं की साइट बंद करा.

खरी फाइल असलीच, तरी त्या पानावर डाउनलोडची चार-पाच बटणं असतात आणि त्यातली मोठी, हिरवी, लुकलुकणारी बटणं जाहिराती असतात. एक दाबलं की तीन टॅब उघडतात. इथे चार सापळे मी पुन्हा पुन्हा पाहिलेत.

एक, ‘पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा’. ही नोटिफिकेशनची परवानगी असते. दिली की दुसऱ्या दिवसापासून ‘तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस सापडले’ असे मेसेज स्क्रीनवर येऊ लागतात आणि घाबरून त्यावर दाबलं की खरा त्रास सुरू होतो. अशी परवानगी आधीच दिली गेली असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. फोन फॉरमॅट करायची गरज नाही. एवढ्यासाठी फॉरमॅटचे पैसे मोजून आलेले लोक मला भेटलेत.

दोन, ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’. चित्रांवर टिचकी मारायला सांगितलं तर ठीक. पण विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं सांगितलं तर हात तिथेच थांबवा. त्या पानानं तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हातानं कॉम्प्युटरला देववली जाते. हा प्रकार २०२४ पासून फार पसरलाय. अँटिव्हायरसलाही तो सहज सापडत नाही, कारण आज्ञा देणारे तुम्ही स्वतः असता.

तीन, ‘मोफत खातं उघडा, फक्त पडताळणीसाठी कार्ड द्या’. फुकट वस्तूसाठी कार्डाची पडताळणी लागत नाही. यूपीआयचं ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करायला सांगितलं तरी हाच नियम. आणि यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगा.

चौथा सापळा हळू आवळतो, तो म्हणजे नकली साइटवर उघडलेलं खातं. झेड-लायब्ररी या नावानं चालणाऱ्या बेकायदा पुस्तकसाठ्याची डोमेन नावं अमेरिकी यंत्रणांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये जप्त केली. त्या नावाशी साधर्म्य सांगणाऱ्या एका नकली साइटचा डेटा जून २०२४ मध्ये उघड्यावर पडलेला सापडला: जवळपास एक कोटी खाती, त्यात लोकांचे ईमेल, पासवर्डचे हॅश (म्हणजे पासवर्डचं सांकेतिक रूप), राहण्याचा देश. लोकांनी ती खाती पुस्तकांसाठी उघडली होती. त्यातल्या ज्यांनी तोच पासवर्ड जीमेललाही ठेवला होता, त्यांच्या मेलची किल्ली अनोळखी हातात जाण्याची वाट मोकळी झाली.

पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप पाहून निर्धास्त होऊ नका. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. समोर बसलेला कोण आहे, याची हमी ते देत नाही.

दुसरी पायरी: फाइल ओळखणं

वाचायच्या पुस्तकाच्या फाइलीचं शेपूट, म्हणजे नावातला शेवटच्या टिंबापुढचा भाग, थोड्याच प्रकारचं असतं: पीडीएफ, ईपब, किंडलसाठी मोबी किंवा एझेडडब्ल्यू३. शेवटी ईएक्सई, एससीआर, एमएसआय, बॅट, एलएनके, आयएसओ किंवा एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) असेल तर ते पुस्तक नाही, तो चालणारा प्रोग्राम किंवा प्रोग्राम लपवण्याची पेटी आहे.

गोम अशी की विंडोज मुळात हे शेपूट लपवूनच ठेवतं. त्यामुळे ‘कादंबरी.पीडीएफ.ईएक्सई’ या फाइलीचं नाव तुम्हाला ‘कादंबरी.पीडीएफ’ एवढंच दिसतं, वर चित्रही पीडीएफचंच चिकटवलेलं असतं. म्हणून आधी ही पट्टी काढा. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करा. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबमध्येच तो चौकोन आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक लॅपटॉप परत देण्याआधी मी ते करून देतो.

मग आकार पाहा. नुसत्या मजकुराची अडीचशे पानांची कादंबरी ईपबमध्ये साधारण एक-दोन एमबीची भरते. जुनं पुस्तक स्कॅन केलेलं असेल तर पीडीएफ वीस एमबीपासून शे-दीडशेपर्यंत जाते. पुस्तक म्हणून आठशे एमबीची झिप आली, किंवा झिप उघडायला पासवर्ड लागतोय आणि तो शेजारीच लिहून दिलाय, तर शंका घ्या. पासवर्ड लावायचं मुख्य कारण असं की अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये.

फाइल उघडण्याआधी व्हायरसटोटल या साइटवर टाकून पाहता येते. तिथे अनेक कंपन्यांची अँटिव्हायरस इंजिनं एकाच वेळी ती तपासतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. तिथे टाकलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर लोकांना पाहता येते, म्हणून आधार कार्ड, बँकेची कागदपत्रं असलं काही टाकू नका. आणि सगळीकडे हिरवं दिसलं तरी काल रात्री बनवलेली नवी फाइल त्यातून सुटू शकते.

मोबाइल असेल तर

ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये लोक वाचतात ते मोबाइलवरच, म्हणून हा भाग वेगळा. पुस्तकासाठी एपीके टाकायची वेळ कधीच येत नाही. पीडीएफ आणि ईपब दोन्ही फोनमधल्या गूगल प्ले बुक्ससारख्या अ‍ॅपमध्ये उघडतात. ‘आमच्याच अ‍ॅपमध्ये उघडेल’ असं म्हणणाऱ्याला तुमच्या फोनमध्ये शिरायचं असतं.

सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम या तिन्हींची परवानगी बंद ठेवा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. एखादं वाचनाचं अ‍ॅप एसएमएस, कॉन्टॅक्ट्स किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी मागू लागलं तर काढून टाका. अ‍ॅक्सेसिबिलिटी ही अंधांना आणि हाताने फोन वापरता न येणाऱ्यांना मदत व्हावी म्हणून केलेली सोय आहे. ती एखाद्या अ‍ॅपला दिली की ते स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं.

तिसरी पायरी: उघडताना

पीडीएफ क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्येच उघडा. ब्राउझर ती फाइल बऱ्यापैकी कोंडून ठेवतो. अ‍ॅडोबीचं रीडर वापरत असाल तर एडिट, प्रेफरन्सेस, जावास्क्रिप्ट इथे जाऊन ते, म्हणजे फाइलीतून आपोआप आज्ञा चालवायची सोय, बंद करा. पुस्तक वाचायला जावास्क्रिप्ट लागत नाही.

हल्ली एक प्रकार जास्त येतो. पीडीएफ उघडते, पहिल्या पानावर पुस्तकाचं अंधूक चित्र आणि मधोमध ‘संपूर्ण पुस्तक पाहण्यासाठी साइन इन करा’. दाबलं की गूगलसारखं दिसणारं पान येतं. तिथे पासवर्ड टाकला की तो गेला. अशी फाइल अँटिव्हायरस पकडत नाही, कारण तिच्यात एका लिंकशिवाय काहीच नसतं.

निर्धोक फाइलही दगा देते ती अशी

हे मला व्हायरसपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, विशेषतः अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी. चॅनेलवर फिरणाऱ्या पीडीएफ बहुधा जुन्या आवृत्तीच्या असतात आणि मुखपृष्ठावरचं वर्ष काही वेळा बदललेलं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमं आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय. फौजदार व्हायची स्वप्नं पाहणारी पोरं आजही जुन्या पीडीएफवरून कलमं पाठ करताना मी पाहिलीत. कायद्याची अधिकृत संहिता सरकारच्या इंडिया कोड या साइटवर फुकट आहे, तिथून घ्या.

मराठी पुस्तकांचं आणखी एक दुखणं आहे. जुन्या फॉन्टमधून किंवा स्कॅनवरून यंत्राने बदललेल्या मजकुरात जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, मधली पानं गळतात. ललित वाचताना चिडचिड होते एवढंच. पण औषधाच्या मात्रेचं पुस्तक असेल तर एका चुकलेल्या आकड्यानं जिवाशी खेळ होऊ शकतो.

कायदा काय सांगतो

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ सुरू होताच सर्वांसाठी खुलं झालं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०२९ च्या अखेरीपर्यंत हक्काखाली आहे. वि. स. खांडेकरांचं २०३६ पर्यंत आणि पु. ल. देशपांड्यांचं २०६० पर्यंत. पुस्तक जुनं दिसतं म्हणून ते खुलं असं समजू नका, लेखकाच्या मृत्यूचं वर्ष पाहा. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. संतसाहित्याची मूळ संहिता सर्वांची आहे, पण आजच्या अभ्यासकानं लिहिलेली टीप आणि प्रस्तावना त्याची आहे.

कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलाय. एकट्या वाचकाच्या दारात पोलीस क्वचितच येतात, हे खरं आहे. पण ग्रुपवर फाइल पुढे ढकलणारा आणि चॅनेल चालवणारा वेगळ्या जागी उभा असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं टेलिग्रामला स्पर्धा परीक्षेचं साहित्य चोरून वाटणाऱ्या चॅनेलचा तपशील द्यायला लावला, आणि कंपनीनं चालवणाऱ्यांची नावं, फोन नंबर, आयपी पत्ते न्यायालयाला दिले. टेलिग्रामवर आपण कोण ते कळत नाही, हा समज तिथे संपला.

मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची असते. त्यातल्या दोनशे वाचकांनी ग्रुपवरून फाइल घेतली तर दुसरी आवृत्ती निघत नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि तसं स्पष्ट सांगायला मला संकोच वाटत नाही.

चुकलंच तर

इथे घाई महत्त्वाची आहे, क्रमही.

१. फोन असेल तर एअरप्लेन मोड, लॅपटॉप असेल तर वायफाय बंद. फाइल पुसत बसू नका, आधी नेट तोडा.

२. पैसे गेले असतील किंवा कार्ड दिलं असेल तर दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला सांगून कार्ड व यूपीआय बंद करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेच्या अंगावर येतं, म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

३. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार नोंदवा. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांची सायबर पोलीस ठाणी आहेत, पण तिथे पोचायला वेळ लागत असेल तर जवळच्या कोणत्याही ठाण्यात जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मेसेजेसचे स्क्रीनशॉट, चॅनेलची लिंक आणि ती फाइलसुद्धा पुरावा म्हणून जपा.

४. पासवर्ड बदला, पण त्या यंत्रावरून नाही, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा. त्यानंतर गूगल खात्यातल्या सिक्युरिटीमध्ये जाऊन बाकी सगळ्या यंत्रांवरून साइन आउट करा. हे विसरलं जातं. माहिती चोरणारे प्रोग्राम पासवर्डाबरोबर ब्राउझरमधल्या कुकीजही (आपण आधीच साइन इन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी) नेतात आणि कुकी हाती असली तर चोराला पासवर्ड लागतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हाइसेस पाहा. कॉल दुसरीकडे वळवलेत का, ते *#२१# डायल करून कळतं.

५. लॅपटॉपवर प्रोग्राम चालवला गेला असेल तर फक्त स्कॅनवर समाधान मानू नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि विंडोज नव्यानं टाका. फोनमध्ये एपीके टाकलं असेल तर फॅक्टरी रिसेट. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची तपासणीची साधनं फुकट आहेत, तीही वापरा.

आणि घरातल्यांना: मुलगा किंवा मुलगी हे सांगायला आली तर तेव्हा रागावू नका. कळव्याच्या त्या वडिलांनी माझ्यासमोर मुलीला एक शब्द बोलला नाही, फक्त विचारलं, “पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस गं?” ती रडायला लागली. उत्तर तिघांनाही माहीत होतं.

मग पुस्तक आणायचं कुठून?

मराठीत फुकट आणि कायदेशीर पुष्कळ आहे, ते शोधलं जात नाही. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीनं ई-पुस्तकं विनामूल्य देतं. मराठी विश्वकोशाचे खंड त्याच्या मंडळाच्या साइटवर वाचता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनं ई-पुस्तकाच्या रूपात आहेत. शाळेची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतात, त्यासाठी ग्रुपवर विचारायची गरजच नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ ला सुरू झालं, त्याचे जुने अंकही तिथे खुले आहेत. मी माझ्या लहानपणीचे अंक मुलाला दाखवले तेव्हा तो जेवायला उठेना. हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत आहे. इंटरनेट अर्काइव्हवरही खूप जुनं साहित्य आहे, मात्र तिथे कुणीही काहीही चढवू शकतो, म्हणून वर सांगितलेली वर्षांची कसोटी तिथेही लावा.

विकत घ्यायचं असेल तर बुकगंगावर आणि किंडलवर मराठी ई-पुस्तकं छापील प्रतीपेक्षा बहुधा स्वस्त पडतात, आणि पहिली काही पानं फुकट चाळता येतात.

ठाणेकरांना आणखी एक सांगतो. आपल्या गावात १८९३ मध्ये स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. छापायचं बंद झालेलं पुस्तक नेटवर शोधत बसण्याआधी तिथे जाऊन विचारा. ग्रंथपालाला पुस्तकाचं नाव अर्धवट सांगितलं तरी पुष्कळदा चालतं. वाशी, नेरूळकडच्या लोकांनीही आपल्या नोडमधल्या वाचनालयापासून सुरुवात करावी. तिथेही नसेल तर प्रकाशकाला फोन करा. गोदामात दोन-चार प्रती पडलेल्या असतात, आणि दहा जणांनी विचारलं की पुनर्मुद्रणाचा विचार होतो.

राहिलं एक काम. फोन आणि लॅपटॉपचं डाउनलोड्स फोल्डर आज उघडा. फाइलींची शेपटं दिसू लागली की तारखेनुसार लावा. पुस्तक म्हणून उतरवलेलं जे काही ईएक्सई किंवा एपीके निघेल, ते डबल क्लिक न करता थेट पुसा आणि मग रिसायकल बिनही रिकामी करा. पण त्यातलं एखादं पूर्वी कधी चालवल्याचं आठवत असेल, तर पुसण्याआधी ‘चुकलंच तर’ या यादीतल्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या मुद्द्यावर जा.